१:२४ मापाच्या मूर्तीवरचा जामा चिकटवल्यासारखा का दिसतो?

तुमचा प्रश्न असा : सतराव्या शतकातल्या मराठा सरदाराची छोटी मूर्ती इपॉक्सी पुटीत (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या लगद्यात) घडवताय, पण जामा (घेरदार लांब अंगरखा) वरून थापल्यासारखा दिसतो आणि उभं राहणं ताठ वाटतं. माझ्या मते दोन्हींचं कारण एकच, आतलं शरीर नीट उभं नाही.

१:२४ मापात, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागात, साडेपाच फुटी माणूस ७० मिमी होतो. वायरिंगमधल्या १ मिमी जाड तांब्याच्या तारेचा सांगाडा करा. छाती आणि कटीचे गोळे पुटीत वेगवेगळे वाळवा, मधली तार उघडी ठेवा आणि तिथेच वाकवा. ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर आणि खांदा खाली. सगळा भार एकाच पायावर असेल तर गळ्याची खळगी त्या घोट्याच्या वर यायला हवी. दोऱ्याला खिळा बांधून ओळंबा धरा. इथे चूक राहिली तर पुढे कितीही कोरलंत तरी मूर्ती कलंडतेय असंच वाटेल.

आता कापड. पुटीचा थर अर्धा मिमी ठेवलात तर खऱ्या मापात तो १२ मिमी होतो, म्हणजे गोधडीच! सगळीकडे पातळ करणं शक्य नाही आणि गरजही नाही. जाम्याच्या घेराची दिसणारी कड तेवढी सुरीच्या धारेसारखी करा आणि तिच्या आतून पुटी कोरून काढा. सावली पडली की डोळा उरलेली जाडी विसरतो.

चुण्या समांतर, सारख्या अंतरावर ओढू नका. पन्हळी पत्रा दिसतो. चुणी ताणाच्या जागेपासून निघते : काख, कोपराची आतली बाजू, शेल्याची गाठ. तिथे ती अरुंद आणि खोल, पुढे रुंद होत विरते, मध्येच दुसरीला मिळते. मलमलीला बारीक, धारदार चुण्या. लोकरीला मोजक्या आणि गोलसर.

साधं एम-सील भरड असतं आणि लवकर आवळतं. बारीक कामाला मॅजिक स्कल्प्ट ही इपॉक्सी पुटी बरी. पुटी चिकटू नये म्हणून हत्यार पाण्यात बुडवा. व्हॅसलीन लावलंत तर पुढचा थर देण्याआधी भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर तो सोलून निघेल. आधी सुरवार, मग जामा, शेवटी शेला. प्रत्येक थर रात्रभर वाळू द्या.

संदर्भाला १६८० च्या दशकातली गोवळकोंडा शैलीतली व्यक्तिचित्रं बघा. जाम्याचे बंद कुठल्या काखेखाली आहेत ते चित्रातच तपासा, कारण आरशातला किंवा उलटा छापलेला फोटो समोर ठेवला की बाजू हमखास बदलते.