“बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरी आमच्यासमोर घेतलेली बरी” हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा सोळाचा झालाय, मित्रांबरोबर रात्री बाहेर जायला लागलाय. नवरा म्हणतो, बाहेर चोरून शिकण्यापेक्षा आपल्यादेखत अर्धा ग्लास बीअर दिलेली बरी, परदेशात तर आईवडीलच देतात. तुम्हाला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. कायद्याने हे चालतं का, आणि याचा खरंच उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी तुमच्या नवऱ्याच्या पक्षातली होते. तेही नुसतं बोलण्यापुरतं नाही. मोठा मुलगा सोळाचा असताना एका रात्री जेवताना मी स्वतः त्याच्या ग्लासात बीअर ओतली. आपण किती मोकळ्या मनाचे आईबाप आहोत याचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं, आणि ते मी चार ठिकाणी सांगूनही आले. पुढे काय झालं ते सांगतेच. आधी कायदा, कारण तुम्ही तोच आधी विचारलाय.

‘दारू पिण्याचं वय’ असं आपण म्हणतो तेव्हा तीन गोष्टींची सरमिसळ होते: मुलाने विकत घेणं, मुलाने पिणं आणि मोठ्याने मुलाला देणं. बऱ्याच देशांचा कायदा पहिल्या गोष्टीवर कडक आहे आणि तिसऱ्या गोष्टीपाशी आल्यावर गुळमुळीत होतो. अमेरिकेचंच घ्या. १९८४ च्या कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना बजावलं की २१ च्या आतल्यांना दारू विकत घेऊ द्याल तर महामार्गांच्या निधीला कात्री लागेल. १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली. पण त्यातल्या बऱ्याच राज्यांत आईवडिलांनी स्वतःच्या मुलाला दिली तर ती सवलत आजही आहे. इंग्लंडमध्ये १९३३ च्या कायद्याने पाच वर्षांखालच्या मुलाला दारू देणं गुन्हा आहे. विकत घ्यायचं वय १८, पण पाच ते अठराच्या मधल्या मुलाला घरात आईवडिलांनी दिली तर कायदा आड येत नाही. जर्मनीत बीअर आणि वाइनसाठी वय १६, कडक दारूसाठी १८, आणि आईवडील सोबत असतील तर चौदाव्या वर्षीही बीअर चालते. जपानमध्ये उलट आहे. तिथला कायदा १९२२ पासूनचा, आणि मुलाला अडवणं ही आईवडिलांचीच जबाबदारी असं तो सांगतो. २०२२ मध्ये तिथे सज्ञान होण्याचं वय २० वरून १८ वर आणलं, दारूचं मात्र २० वरच ठेवलं.

भारतात दारूचं वय राज्यागणिक बदलतं, काही राज्यांत दारूबंदीच आहे. पण मुलाला देण्याबद्दल देशभर एकच कायदा आहे, २०१५ चा बाल न्याय कायदा. त्याच्या कलम ७७ नुसार १८ वर्षांखालच्या कुणालाही दारू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपवाद फक्त डॉक्टरने सांगितलं असेल तर. आईवडिलांना वेगळी सूट त्यात नाही. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. बहुतेक मोकळ्या मनाच्या आईबापांना ठाऊक नसतं.

आता ‘परदेशात देतात’ हा मुद्दा. हे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक चित्र असतं: जेवणाच्या टेबलावर फ्रेंच कुटुंब, मुलाच्या ग्लासात पाणी घातलेली वाइन, आणि मोठेपणी ते मूल अगदी सुसंस्कृत पिणारं. या चित्राची गोष्ट फार मजेशीर आहे. फ्रान्समधल्या शाळांच्या खानावळीत लहान मुलांना जेवणाबरोबर वाइन मिळायची. १९५६ मध्ये चौदा वर्षांखालच्यांसाठी ती बंद झाली, आणि सगळ्यांसाठी पूर्ण बंद व्हायला १९८१ उजाडलं. लहानपणापासून सवय लावल्याने माणूस जपून प्यायला शिकत असता, तर त्या देशाला ही बंदी घालायची गरजच पडली नसती. पुढे २००९ मध्ये फ्रान्सने विक्रीचं वय सोळावरून १८ वर नेलं. इटलीने २०१२ मध्ये तेच केलं, नेदरलँड्सने २०१४ मध्ये. लिथुआनिया तर २०१८ मध्ये थेट २० वर गेला. म्हणजे आपण ज्यांचा दाखला देतो ते देश स्वतः उलट्या दिशेने चाललेत, आणि आपण त्यांचं जुनं छायाचित्र भिंतीवर लावून बसलोय.

यावर अभ्यासही झालेत, त्यातले दोन सांगते. पहिला २०११ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आणि ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया या दोन ठिकाणच्या शाळकरी मुलांची त्यात तुलना होती. जागा मुद्दाम निवडलेल्या होत्या: एकीकडे ‘अजिबात नाही’ हे धोरण, दुसरीकडे ‘पिणारच आहेत तर निदान सांभाळून पिऊ द्या’ हे. मोठ्यांच्या देखरेखीखाली पिण्याचं प्रमाण व्हिक्टोरियात बरंच जास्त निघालं. आणि दोन्ही ठिकाणी, धोरण कुठलंही असो, मोठ्यांसमोर पिऊ दिलेल्या मुलांना पुढे दारूमुळे होणारे त्रास जास्त झाले.

दुसरा ऑस्ट्रेलियातलाच, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. १९२७ मुलं आणि त्यांचे पालक, सहा वर्षं पाठपुरावा, मुलं साधारण बारा-तेरापासून अठरापर्यंतची. अभ्यास संपताना, ज्यांना घरूनही मिळत होती आणि बाहेरूनही, त्यांच्यातल्या ८१ टक्क्यांनी एका बैठकीत चारहून जास्त पेले घेतल्याचं सांगितलं. फक्त बाहेरून मिळणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्के होतं. तुमचा नवरा इथे विचारेल, आणि बरोबरच विचारेल, की फक्त घरी मिळणाऱ्यांचं काय? त्यांचे आकडे खरंच कमी होते. गोम पुढे आहे: एका वर्षी फक्त घरी मिळालेल्या मुलांनी पुढच्या वर्षी बाहेरूनही मिळवण्याची शक्यता, घरी अजिबात न मिळालेल्यांच्या दुप्पट निघाली. ‘फक्त घरी’ ही अवस्था टिकतच नाही. घरात दिल्याने मूल बाहेरच्या पिण्यापासून वाचतं, याचा पुरावा त्या अभ्यासात सापडला नाही.

अर्थात असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत. देणाऱ्या घरांत इतरही काही वेगळं असू शकतं. पण देऊन भलं होतं असं दाखवणारं काही यात नाही, आणि ‘आमच्यासमोर घेतलेली बरी’ हा दावा करणाऱ्यानेच खरं तर पुरावा द्यायला हवा.

शरीराचीही एक गोष्ट मला उशिरा कळली. मोठ्या माणसाला दोन-तीन पेल्यांनंतर सुस्ती येते, पाय जड होतात, तो आपोआप थांबतो. हा निसर्गाचा ब्रेक आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की वयात येणाऱ्या पिल्लांवर दारूचा हा सुस्तीचा परिणाम कमी होतो, आणि स्मरणशक्तीवरचा जास्त. म्हणजे ब्रेक उशिरा लागतो आणि नुकसान आधी होतं. ‘याला चढतच नाही, जात्याच पचवतो’ असं कौतुक पोरांत चालतं ना, त्यात कौतुकाचं काहीच नाही. इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २००९ मध्ये पालकांना सल्ला दिला तो हाच: बालपण दारूशिवाय गेलेलं सगळ्यात चांगलं, आणि काही झालं तरी पंधराच्या आधी नाहीच. हा सल्ला त्या देशातला, जिथे कायदा पाचव्या वर्षानंतर घरात डोकावत नाही. कायद्याने गुन्हा नाही म्हणजे सल्ला आहे, असं होत नाही.

आता माझ्या मुलाचं. अर्ध्या ग्लासानंतर वर्षभर सगळं छान होतं. कधीतरी आमच्याबरोबर बीअर, तीही संपवायचा नाही. सतराचा असताना तो एका मित्राकडे राहायला गेला. त्या घरचे मोठे गावाला गेले होते. तिथे व्होडका होती. किती प्यायला ते त्याला आजही आठवत नाही. ओकला, मग झोपला. मित्रांनी त्याला पलंगावर उताणं टाकलं, दार ओढून घेतलं आणि गाणी लावली. त्यांच्यातल्या एकाची मोठी बहीण त्याला न्यायला आली होती. तिने आत डोकावून याला कुशीवर वळवलं आणि पहाटेपर्यंत शेजारी बसून राहिली. उताण्या माणसाला बेशुद्धीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते आणि गुदमरून जीव जातो. त्या मुलीला हे माहीत होतं. माझ्या मुलाला माहीत नव्हतं, कारण मी त्याला बीअरचा फेस कसा बसू द्यायचा ते शिकवलं होतं.

मला हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. मी विचारलं, “मला फोन का नाही केलास? सुरुवातीला, शुद्धीत होतास तेव्हा?” तो म्हणाला, “तू मला मर्यादेत घ्यायला शिकवलं होतंस ना. मर्यादा सुटल्यावर तुला कुठल्या तोंडाने सांगणार?”

मी समजत होते की पिण्याचा विषय घरात उघड केलाय. प्रत्यक्षात मी फक्त नीट पिण्याचा विषय उघड केला होता. फसणाऱ्या मुलाला आमच्या घरात जागाच नव्हती.

आणखी एक. त्या मित्रांपैकी एकाची आई मला नंतर म्हणाली, “तुमच्याकडे चालतं असं मुलं सांगायची, म्हणून आम्ही फार ताणलं नाही.” माझा अर्धा ग्लास माझ्या घरात राहिलाच नव्हता, तो चार घरांत परवानगी म्हणून फिरत होता. न्यूझीलंडच्या २०१२ च्या कायद्यात एक तरतूद आहे: १८ खालच्या मुलाला त्याच्या पालकांशिवाय दुसऱ्या कुणी दारू द्यायची तर त्या पालकांची स्पष्ट संमती हवी. पूर्वी मला हा सरकारी आचरटपणा वाटला असता.

मग करायचं काय? धाक घाला असं मी म्हणत नाही, धाकाने मुलगा फोन करणार नाही हे तर उघडच आहे. आम्ही धाकटीच्या वेळी दोन गोष्टी केल्या. एक, कायद्याचं वय होईपर्यंत आमच्या हातून नाही. घोटभरही नाही, सणासुदीलाही नाही. ती चिडली, “दादाला दिली होतीत!” आम्ही म्हटलं, “चुकलो.” मी स्वतः कधीतरी वाइन घेते, ते लपवलं नाही. तुला का नाही, तर तुझं शरीर अजून घडतंय, एवढंच सांगितलं.

दुसरी गोष्ट म्हणजे फोन. कधीही, कुठूनही, कुठल्याही अवस्थेत, स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी. आम्ही येऊ आणि सकाळपर्यंत एकही प्रश्न विचारणार नाही. त्याबरोबर थोडी उजळणीही घेतली: कुणी हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास फार सावकाश असेल किंवा मधेच थांबत असेल, अंग गार किंवा निळसर पडलं असेल तर ‘झोपू दे, उतरेल’ नाही. आधी रुग्णवाहिका बोलवायची, कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही. कॉफी, लिंबू, थंड पाणी यातल्या कशानेही रक्तातली दारू उतरत नाही.

हे सगळं काही आपण एकट्याने करायची गोष्ट नाही, हेही खरं. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी आदल्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्के होतं. तिथे खरेदीचं वय २० आहे, मुलांनी रात्री बाहेर राहायच्या वेळा ठरलेल्या आहेत, खेळ आणि कलांच्या वर्गांसाठी पैसे मिळतात, आणि शाळेतले पालक एकत्र बसून लेखी ठरवतात की आम्ही कुणीच मुलांना दारू देणार नाही. यातला शेवटचा भाग कुठल्याही सरकारशिवाय जमतो. मुलाच्या चार मित्रांच्या आईबापांना फोन लावायचा, एवढंच. मी लावला तेव्हा दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकाने मला मागासलेली म्हटलं.

धाकटी कधी प्यायलीच नाही, असं मी सांगणार नाही. गेल्या वर्षी ती सतराची होती. रात्री पाऊण वाजता फोन आला. “आई, इथे एकजण उठत नाहीये.” मी विचारलं, “कुशीवर आहे का?” “हो. रुग्णवाहिका बोलावलीय. तू ये.” मी पोहोचले तोवर त्या मुलाला घेऊन गेले होते, दुसऱ्या दिवशी तो घरी आला. गाडीत बसली तेव्हा हिच्या तोंडालाही वास होता. वीस मिनिटांच्या रस्त्यात मी जीभ चावून बसले, आणि ते मला वाटलं होतं त्याहून फार अवघड गेलं. सकाळी अकराला ती उठून आली, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि विषय तिनेच काढला.