उंटांच्या शर्यतीतले ‘हुजुन’, आपली ‘सांडणी’ आणि ‘नामूस’

अबुधाबीत राहणाऱ्या एका वाचकांनी पत्रातून तीन प्रश्न विचारले आहेत. अल् वथबा येथील मैदानावर ते उंटांच्या शर्यती पाहायला गेले होते आणि तेथील फलकावर त्यांनी ‘सिबाक अल् हुजुन’ ही अक्षरे वाचली. अरबीत उंटाला ‘जमल’ म्हणतात एवढे त्यांना ठाऊक होते. मग हा ‘हुजुन’ कोठला, हा त्यांचा पहिला प्रश्न. या खेळाविषयी मराठीत लिहिताना सरसकट ‘उंट’ म्हणावे की ‘सांडणी’ हा जुना शब्द वापरावा, हा दुसरा. आणि जिंकणाऱ्या मालकाचे अभिनंदन करताना लोकांच्या तोंडी वारंवार ‘नामूस’ असा शब्द येत होता, त्याचे आपल्या ‘नामोशी’शी काही नाते आहे काय, हा तिसरा. यांपैकी तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, परंतु उत्तर क्रमानेच देतो.

प्रथम फलकावरील ‘सिबाक’ पाहू. ज्या धातूपासून हा शब्द बनला त्याचा अर्थ ‘पुढे जाणे, आधी पोहोचणे’ असा आहे. याच धातूचे ‘साबिक’ हे रूप आपल्या जुन्या मोडी कागदांत ‘पूर्वीचा, मागील’ या अर्थाने भेटते, आणि ‘धडा’ या अर्थाचा ‘सबक’ हाही त्याच कुळातला. याउलट ज्या शब्दाने आपण या खेळाचे भाषांतर करतो तो ‘शर्यत’ हा शब्द अरबी असूनही अरबीत त्याचा अर्थ धावण्याची स्पर्धा असा होत नाही. मूळ ‘शर्त’ म्हणजे अट, करार. मराठीने या एका शब्दाची तीन रूपे करून प्रत्येकीला वेगळे काम नेमून दिले: ‘अटी-शर्ती’मधील शर्त मूळ अर्थाला धरून राहिली, ‘शर्थीचे प्रयत्न’मधील शर्थ पराकाष्ठेकडे गेली, आणि पैजेच्या अर्थावरून शर्यत धावपट्टीवर आली. पैज लावून धावायचे, म्हणून धावण्यालाच पैजेचे नाव, असा हा प्रवास आहे. अरबीतही पैज आणि धाव ही दोन टोके जवळच आहेत, कारण ‘सिबाक’च्या धातूपासूनच ‘सबक’ म्हणजे स्पर्धेत जिंकणाऱ्याला मिळणारे द्रव्य असा शब्द झाला आहे. असे द्रव्य बाण, उंट आणि घोडा या तिघांच्याच स्पर्धेत असावे, असे पैगंबरांचे एक वचन हदीसग्रंथांत आहे. त्या वचनात उंटाचे नावही नाही; ‘खुफ्फ’ म्हणजे उंटाचा मऊ गादीसारखा पाय आणि ‘हाफिर’ म्हणजे घोड्याचा खूर, एवढ्यावरच प्राणी ओळखायचा आहे.

आता ‘हुजुन’. हे अनेकवचन असून त्याचे एकवचन ‘हजीन’. ‘जमल’ हा उंट, विशेषतः नर; ‘नाका’ म्हणजे उंटीण; ‘इबिल’ हा समूहवाचक शब्द; आणि ‘हजीन’ म्हणजे स्वारीचा, वेगाने धावणारा उंट. ओझे वाहणारा उंट कितीही धिप्पाड असला तरी तो हजीन नव्हे. सूदान आणि इजिप्तमध्ये उंटावरून गस्त घालणाऱ्या दलाला ‘हज्जाना’ म्हणत, तो शब्दही येथूनच निघालेला आहे.

परंतु कोशात ‘हजीन’ उघडला की वाचक क्षणभर थबकतो. अभिजात अरबीत हजीन म्हणजे ज्याचा पिता अरब आणि माता दासी अशी व्यक्ती; घोड्याच्या बाबतीत, ज्याचा बाप अस्सल अरबी पण आई तशी नाही असा घोडा. म्हणजे ‘संकरज’ असा काहीसा कमीपणा सुचवणारा हा शब्द आहे, आणि आजही इंधन आणि वीज या दोन्हींवर चालणाऱ्या संकरित मोटारीला अरबीत ‘सय्यारा हजीना’ म्हणतात. गंमत अशी की त्याच धातूपासून निघालेला ‘हिजान’ हा शब्द उंटांच्या बाबतीत नेमका उलट, म्हणजे शुभ्र आणि कुलीन असा अर्थ देतो. शर्यतीच्या ‘हजीन’मध्ये जो अभिमान भरलेला ऐकू येतो तो मला या ‘हिजान’च्या बाजूचा वाटतो. तथापि संकराचा अर्थ मैदानावरूनही नाहीसा झालेला नाही. आखाती शर्यतींत स्थानिक वाणाच्या उंटांचे फेरे वेगळे आणि संकरित उंटांचे वेगळे धावतात. पहिल्या गटाला ‘महल्लियात’ आणि दुसऱ्याला ‘मुहज्जनात’ म्हणतात. म्हणजे ‘हुजुन’च्या मैदानात ‘मुहज्जनात’ हा आणखी एक गट असतो, आणि दोन्ही नावे एकाच धातूची असली तरी पहिल्यात प्रतिष्ठा आहे आणि दुसऱ्यात केवळ वंशावळीची नोंद. (‘महल्लियात’मध्ये आपला ‘मोहल्ला’ दडलेला आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलेच असेल.)

गटांच्या नावांत इतके भाषिक धन आहे की प्रश्नात ते नसले तरी येथे थोडे थांबणे मला आवश्यक वाटते. उंट वयानुसार गटांत धावतात. लहान वयाच्या उंटांना अंतर कमी आणि पूर्ण वाढ झालेल्यांना बरेच अधिक. सर्वांत लहान गट ‘मफारीद’ म्हणजे आईपासून वेगळे केलेले. एकटा, सुटा या अर्थाच्या ज्या धातूपासून हा शब्द आला त्याचीच आपली सरकारी ‘फर्द’. त्यापुढचा गट ‘हकायक’. तीन वर्षे पूर्ण केलेल्या उंटाला ‘हिक्क’ म्हणतात, आणि जुने कोशकार त्याचे कारण असे देतात की या वयात त्याच्यावर बसण्याचा व ओझे लादण्याचा ‘हक्क’ प्राप्त होतो. शब्द तोच, जो आपण हक्कसोडपत्रात लिहितो. पुढे ‘थनाया’ येतात, ज्यांचे पुढचे दुधाचे दात पडून नवे येऊ लागलेले असतात. ‘थनिय्या’ म्हणजे समोरचा दात. बाजारात बैल घेताना आपला शेतकरी त्याचे तोंड उघडून ‘दोन दाती, चार दाती’ म्हणतो, तीच ही रीत आहे. पूर्ण वाढलेल्या माद्या ‘हौल’ आणि नर ‘जमूल’.

तरुण उंटांत माद्यांचे फेरे ‘बिकार’ आणि नरांचे ‘जिअदान’ या नावाने पुकारले जातात. ‘जिअदान’ हा शब्द लिखित अरबीच्या कोशात याच अक्षरांखाली शोधला तर मिळत नाही, कारण आखातात पुष्कळ ठिकाणी ‘काफ’ या अक्षराचा उच्चार ‘ज’ होतो. ‘कासिम’चा ‘जासिम’ होतो तसा. मूळ शब्द ‘किअदान’, म्हणजे ‘कऊद’चे अनेकवचन, आणि कऊद म्हणजे ज्याच्यावर नुकतेच बसता येऊ लागले आहे असा तरुण उंट, धातूचा अर्थ ‘बसणे’. हा शब्द एका फार जुन्या शर्यतीत येतो. पैगंबरांची ‘अल् अदबा’ नावाची उंटीण होती आणि तिच्या पुढे कोणी जात नसे. एकदा एक वाळवंटी अरब आपल्या कऊदावर बसून आला आणि तिला मागे टाकून गेला. सोबतचे लोक खट्टू झाले, तेव्हा पैगंबर म्हणाले की या जगात जे काही उंच चढते ते खाली आणणे हे ईश्वराने स्वतःवर घेतले आहे. आज जिअदानांचा फेरा पुकारला जातो तेव्हा त्या कऊदाचीच आखाती उच्चारातली भावंडे धावत असतात.

दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: ‘सांडणी’ वापरावा, मात्र जेथे तो बसतो तेथेच. मराठीत सांडणी म्हणजे वेगाने चालणारी, स्वारीची उंटीण. या शब्दाचा ‘सांडणे’ या क्रियापदाशी संबंध नाही. राजस्थानीत उंटिणीला ‘सांढ’ म्हणतात, हिंदीत ‘सांडनी’, आणि आपला शब्द त्या घरातला आहे. उंट महाराष्ट्राच्या मातीतला नव्हे, पण राज्यकारभारात त्याला मान होता. शिवकालीन अठरा कारखान्यांत उष्ट्रखाना आहे, उंटाच्या पाठीवरून डागायच्या तोफेला ‘सुतरनाळ’ म्हणत आणि पेशवाईतील पत्रांतून जासूद, कासीद यांच्याबरोबर सांडणीस्वार सतत ये-जा करीत असतात. (सुतरनाळेतला ‘सुतर’ म्हणजे फारसी ‘शुतुर’, संस्कृत ‘उष्ट्रा’चा सख्खा भाऊ, ‘शहामृग’ हाही मुळात ‘शुतुर्मुर्ग’, म्हणजे उंटपक्षी, आणि त्यात शहाही नाही व मृगही नाही.) अर्थात् वेग, स्वारी आणि मादी या तीन गोष्टी ‘सांडणी’त एकवटल्या आहेत, आणि शर्यतीच्या बहुतेक वर्णनांत याच तीन गोष्टी हव्या असतात. म्हणून खेळाचे सामान्य नाव ‘उंटांची शर्यत’ असेच राहू द्यावे. बिकारांचा किंवा हौलांचा फेरा असेल तेथे ‘सांडण्यांची शर्यत’ म्हणावे. जिअदानांना मात्र सांडणी म्हणू नये, त्यांना ‘तरुण उंट’ पुरे. ‘हजीन’साठी एकच मराठी शब्द हवा असल्यास ‘स्वारीचा उंट’ हे दोन शब्द मी पसंत करीन.

‘सांडणीस्वार’ हा शब्द मात्र आजच्या शर्यतीला लावताना फार विचार करावा लागतो. उंटाच्या पाठीवर जितके वजन कमी तितका वेग अधिक, या हिशेबाने अनेक वर्षे आखाती देशांत लहान मुलांना स्वार म्हणून बसवले जात होते; पाकिस्तान, बांगलादेश, सूदान, मॉरितानिया अशा देशांतून आणलेली ही मुले पडून जखमी होत, उपाशी ठेवली जात. २००५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने आणि कतारने बालस्वारांवर बंदी घातली, आणि युनिसेफच्या साहाय्याने शेकडो मुले अमिरातीतून आपापल्या देशांत परत पाठवली गेली. त्यांच्या जागी दूरनियंत्रणावर चालणारे छोटे यंत्र आले. अरबीत त्याला ‘राकिब आली’ म्हणजे यांत्रिक स्वार म्हणतात. मालक शेजारच्या रस्त्यावरून मोटारीत बसून वेगाने जात असतो, यंत्राचा चाबूक बटणाने हलवतो आणि ध्वनिक्षेपकातून आपला आवाज उंटाच्या कानापर्यंत पोहोचवतो. या यंत्राला मराठीत ‘यंत्रस्वार’ म्हणावे असे मी सुचवतो. ज्या मुलांनी ते हाल सोसले त्यांच्याविषयी लिहिताना ‘बालस्वार’ हा उघड शब्दच ठेवावा. ‘सांडणीस्वार’ या शब्दाला मराठीत जी ऐतिहासिक ऐट आहे ती त्यांच्या दुःखावर पांघरू नये. (‘राकिब’च्या धातूचाच ‘रिकाब’, अरबीत त्याचे दोन अर्थ, स्वारीचे उंट आणि घोडेस्वाराच्या पायाखालची कडी. आपल्या ‘रिकिबी’त दुसरा अर्थ उतरला आहे.)

उंटाला शर्यतीसाठी तयार करणारा तो ‘मुदम्मिर’. येथे ‘प्रशिक्षक’ हा मराठी शब्द चालतो, पण त्यात मूळची चव उतरत नाही, कारण धातूचा अर्थ ‘सडसडीत होणे’ असा आहे. जनावराला आधी भरपूर खाऊ घालायचे आणि मग मोजक्या आहाराने व फेरफटक्यांनी त्याची चरबी उतरवायची, ही जुनी अरबी पद्धत ‘तदमीर’ या नावाने ओळखली जाते आणि घोड्यांच्या बाबतीत ती हदीसांतही उल्लेखिलेली आहे. आपला पैलवान अंग चोरटे पण काटक ठेवतो, त्याच्या वस्तादाला हा शब्द लगेच समजेल.

आता ‘नामूस’. होय, नाते आहे, आणि ते रक्ताचे आहे. हा शब्द मुळात ग्रीक. ‘नोमोस’ म्हणजे नियम, कायदा, रूढी. सीरियाक या जुन्या भाषेमार्गे तो अरबीत ‘नामूस’ होऊन आला आणि ईश्वरी नियम, धर्मशास्त्र अशा भारदस्त अर्थांनी स्थिरावला. फारसीत त्याला अब्रू, लौकिक, कुळाची इभ्रत असा अर्थ मिळाला, आणि ज्या गोष्टीने इभ्रतीला धक्का बसतो तिलाही तोच शब्द चिकटला. उर्दू कोशांत ‘नामूस’चे अर्थ कीर्ती असेही आहेत आणि बट्टा असेही, तर ‘नामूसी’चा अर्थ केवळ बदनामी. मराठीने हा शेवटचा अर्थ उचलला. त्यामुळे आपल्याकडे ‘नामोशी’ पत्करावी लागते, ‘नामुष्की’ ओढवते, पण मिळवावा असा ‘नामूस’ काही भाषेत उरला नाही. आखातात नेमकी दुसरी बाजू जिवंत राहिली. तेथे फेऱ्यात पहिल्या येणाऱ्या उंटाच्या मालकाला मिळतो तो ‘नामूस’; बक्षीस म्हणून मोटार, तलवार, रक्कम काहीही असो, लोक मोटारीचे अभिनंदन करीत नाहीत, नामूसचे करतात. अमिराती आणि ओमान यांच्या प्रस्तावावरून २०२० मध्ये युनेस्कोने उंटांच्या शर्यतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या सूचीत स्थान दिले, ते सामाजिक प्रथा आणि उत्सवी वारसा या नात्याने. हा नामूस एकट्या मालकाचा नसून त्याच्या टोळीचा आणि गावाचाही मानला जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दोन विशेषणांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

म्हणून प्रश्नकर्त्यांनी मराठीत लिहिताना ‘नामूस’चे भाषांतर ‘विजेतेपद’ असे करू नये; ‘मान’ हा शब्द जवळ जातो, विशेषतः पालखीचा मान, गाड्याचा मान या अर्थाने तो आपल्या कानाला ओळखीचा आहे. शक्य तेथे मूळ शब्दच ठेवून पहिल्या वेळी त्याचा अर्थ सांगावा, उदाहरणार्थ: ‘हौलांच्या फेऱ्यात त्यांच्या सांडणीने नामूस, म्हणजे पहिल्या क्रमांकाचा मान, मिळवला.’