आत्ता हातात काय आहे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही पाच जण डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन टेबलावर खेळायचा खेळ खेळतो. माझं पात्र रेंजर (रानातला शिकारी योद्धा) आहे, हातात लाँगबो आणि कमरेला तलवार. मागच्या वेळी शत्रू अगदी अंगावर आला, तेव्हा मी म्हटलं, "धनुष्य पाठीला लावतो, तलवार उपसतो आणि वार करतो." एक मित्र म्हणाला, एका टर्नमध्ये एवढं होत नाही. दुसरा म्हणाला, आरामात होतं. दोघंही पुस्तक उघडून वाचून दाखवत होते. अर्धा तास वादात गेला. काय धरायचं?

उत्तर : माझ्या मते दोघांनीही बरोबरच वाचलं. फक्त एकाकडे २०१४ चं नियमांचं पुस्तक असणार आणि दुसऱ्याकडे २०२४ चं. या एका बाबतीत दोन्ही पुस्तकांत मोठा फरक आहे.

२०१४ च्या नियमांत प्रत्येक टर्नमध्ये एकाच वस्तूला फुकट हात लावता येतो. तलवार उपसणं ही एक वस्तू, दार उघडणं ही एक, पडलेली कुऱ्हाड उचलणं ही एक. दुसऱ्या वस्तूला हात घातला की टर्नमधलं मुख्य काम, म्हणजे अख्खी अ‍ॅक्शन खर्ची पडते. म्हणजे तुम्ही धनुष्य पाठीला लावलंत तिथेच तुमची फुकटची संधी संपली. तलवार काढायला अ‍ॅक्शन लागली, मग वार कशाने करणार? म्हणून २०१४ वाले खेळाडू धनुष्य सरळ खाली टाकतात. हातातलं सोडून देण्याला बहुतेक टेबलांवर काही खर्च धरत नाहीत, मीही धरत नाही.

२०२४ च्या पुस्तकात ही फुकटची संधी आहेच. शिवाय अ‍ॅटॅक अ‍ॅक्शन घेतली, की तिच्यातल्या प्रत्येक वारासोबत, वाराच्या आधी किंवा नंतर, एक शस्त्र हातात घेता येतं किंवा हातातून काढता येतं. तुम्हाला एकच वार असेल तर फुकटच्या संधीत धनुष्य पाठीला लावा आणि वारासोबत तलवार उपसा. पाचव्या लेव्हलला दोन वार मिळाले की आणखी सोपं : पहिला बाण सोडा, त्या वारासोबत धनुष्य पाठीला लावा, दुसऱ्या वाराच्या आधी तलवार उपसा आणि हाणा. पण लक्षात ठेवा, ही सवलत अ‍ॅटॅक अ‍ॅक्शनपुरतीच आहे. त्या टर्नला मंत्र म्हटलात किंवा नुसतं बचावात राहिलात, तर पुन्हा तीच एक फुकटची संधी.

दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवून खेळू नका. पहिल्या दिवशीच एक निवडा आणि त्यालाच धरून राहा.

मला स्वतःला २०१४ चा नियम जास्त आवडतो, कारण तिथे शस्त्र टाकण्याची किंमत खरोखर मोजावी लागते. माझ्या टेबलावर एकदा अरुंद झुलत्या पुलावर लढाई चालली होती. रेंजरने धनुष्य फळ्यांवर टाकलं आणि दोन्ही तलवारी काढायचं ठरवलं. (दोन तलवारी एकदम काढायला ड्युअल वील्डर हे फीट, म्हणजे पात्राने निवडलेलं खास कौशल्य, लागतं, ते तिच्याकडे होतं.) पुढच्याच टर्नला तिला धक्का बसून ती १५ फूट मागे गेली. मी नकाशावर धनुष्याच्या जागी खडूने एक आडवी रेघ मारून ठेवली होती. गॉब्लिनची टर्न आली, त्याची बाहुली मी त्या रेघेवर ठेवली आणि रेघ बोटाने पुसली. धनुष्य उचलायला त्यालाही एकच फुकटची संधी पुरली. टेबलावर कुणी बोलेना. त्यानंतर दोन सत्रं आमचा सगळा गट त्या एका धनुष्यामागे फिरत होता. मोहिमेतली ती सर्वांत चांगली सत्रं होती, असं मी आजही म्हणते.

हे जमलं ते जमिनीवर काय पडलंय, कुठे पडलंय, हे नोंदलं होतं म्हणून. माझ्याकडे प्रत्येक खेळाडूपुढे पोस्टकार्डाच्या आकाराची दोन कार्डं असतात, एक डाव्या हाताचं आणि एक उजव्या. हातात जे असेल ते पेन्सिलने लिहायचं. टर्न संपताना मी एकच विचारते : आत्ता हातात काय आहे? उत्तर मिळालं की पुढची टर्न. हे विचारायचं कारण साधं आहे. शत्रू तुमच्या जवळून निसटायला लागला की अपॉर्च्युनिटी अ‍ॅटॅक मिळतो आणि तो हातघाईचा वार असतो. हातात नुसतं धनुष्य असेल तर लाथाबुक्क्यांवर भागवावं लागतं. टर्न संपताना हातात काय होतं, यावर पुढच्या टर्नपर्यंतचं सगळं ठरतं.

प्रश्न : आमच्या क्लेरिकच्या (देवतेच्या पुजाऱ्याच्या) एका हातात गदा आणि दुसऱ्या हातात ढाल असते. ढालीवर देवतेचं चिन्ह कोरलेलं आहे. डीएम (खेळ चालवणारे) म्हणतात, शील्ड ऑफ फेथ हा मंत्र म्हणता येईल, पण क्युअर वूंड्स म्हणता येणार नाही. हे उलटंच नाही का?

उत्तर : उलटं वाटतं खरं, पण डीएमनी नियम बरोबर लावलाय. मंत्रापुढची अक्षरं पाहा. एस म्हणजे हातवारे, एम म्हणजे साहित्य. देवतेचं चिन्ह साहित्याच्या जागी चालतं आणि साहित्य धरलेल्या हातानेच हातवारेही करता येतात. शील्ड ऑफ फेथला दोन्ही लागतं, म्हणून ढालीचा हात पुरतो. क्युअर वूंड्सला साहित्य लागतच नाही, फक्त उच्चार आणि हातवारे. म्हणून तिथे मोकळाच हात हवा. हीलिंग वर्डला नुसता उच्चार पुरतो, तो दोन्ही हात भरलेले असतानाही म्हणता येतो.

यावर गदा खाली टाकायची, मंत्र म्हणायचा आणि फुकटच्या संधीत गदा पुन्हा उचलायची, अशी पळवाट बरेच जण काढतात. नियमात ती बसते. पण दर टर्नला कुणी गदा आपटतंय आणि उचलतंय, हे चित्र मला बघवत नाही. मी क्लेरिकला सांगते, गदा मनगटाला चामड्याच्या वादीने बांधलीय असं धरू आणि मंत्र म्हण. मग तिची त्या टर्नची फुकटची संधी मात्र गेली. पुढे वॉर कास्टर हे फीट घेतलं की हा प्रश्नच मिटतो. ढाल काढून हात मोकळा करू, असा विचार करत असाल तर थांबा. ढाल चढवायला किंवा उतरवायला पूर्ण अ‍ॅक्शन लागते.

प्रश्न : २०२४ च्या नियमांत आमचा फायटर एकाच टर्नमध्ये मॉलने (दोन हातांच्या हातोड्याने) शत्रूला आडवा पाडतो आणि लगेच ग्रेटस्वोर्डने हाणतो. पाठीवर हॅल्बर्ड हा लांब दांड्याचा परशूही आहे. ही लबाडी आहे का?

उत्तर : लबाडी नाही. वेपन मास्टरीत, म्हणजे शस्त्रागणिक मिळणाऱ्या खास करामतीत, मॉलला टॉपल आहे, म्हणजे वार लागला आणि शत्रूचा कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या दमाचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, चुकला की तो पडतो. पडलेल्यावर पाच फुटांच्या आतून वार केला तर दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याचा अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, आणि ग्रेटस्वोर्डला ग्रेझ आहे, म्हणजे वार चुकला तरी थोडी इजा होतेच. पहिल्या वारासोबत मॉल ठेवला, दुसऱ्यासोबत तलवार काढली. पुस्तकाने जे दिलंय तेच तो वापरतोय, आणि डोकं लावून वापरतोय.

माझी हरकत वेगळी आहे. मॉल १० पौंडांचा, ग्रेटस्वोर्ड आणि हॅल्बर्ड प्रत्येकी ६. पाठीवर हे तिन्ही लावून माणूस वाकणार कसा, पळणार कसा? मी एकदा माझ्या खेळाडूंना उभं केलं, पट्ट्यात लांब लाकडी पट्टी खोचायला लावली आणि सहा सेकंद मोजले, कारण एक राउंड साधारण तेवढाच असतो. काढायला सगळ्यांना क्षणभर लागला. परत खोचताना मात्र प्रत्येकाची मान खाली गेली, एकालाही न बघता जमलं नाही. जुन्या ३.५ आवृत्तीत हा फरक होता. तिथे शस्त्र काढताना शत्रूला आयता वार मिळत नसे, म्यान करताना मिळत असे. लिहिणाऱ्याने बारकाईने पाहिलं होतं.

म्हणून माझा घरचा नियम असा : प्रत्येक शस्त्र अंगावर कुठे आहे ते कार्डाच्या मागे लिहायचं. पाठीवर एकच लांब शस्त्र, कमरेला दोन, बाकीची खेचरावर. तुमच्या फायटरला मॉल पाठीवर आणि तलवार हातात ठेवता येईल, युक्तीही चालेल. हॅल्बर्ड खेचरावर जाईल. हा नियम मोहीम सुरू होण्याआधी सांगा. मध्येच लादलात तर त्याने आखलेल्या पात्रावर अन्याय होईल.

प्रश्न : दोन वार मिळतात, तर दोन भाले फेकता येतील का?

उत्तर : २०२४ मध्ये हो, फेकायचं शस्त्र त्या वारातच काढता येतं. २०१४ मध्ये एक भाला आधीच हातात असेल तर तो आणि एक काढलेला, असे दोन. २०२० च्या पुरवणी पुस्तकातली फेकीच्या शस्त्रांची फायटिंग स्टाइल घेतली तर तिथेही अडचण नाही.

प्रश्न : दोन हातांची तलवार एका हातात धरून दुसऱ्याने दार उघडता येतं का?

उत्तर : येतं. पाचव्या आवृत्तीत (२०१४ आणि २०२४ ची पुस्तकं तिचीच) दोन्ही हात फक्त वार करताना लागतात, नुसतं धरायला एक पुरतो. पाथफाइंडर या तशाच वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र सांभाळा. तिथे टर्नला तीन अ‍ॅक्शन असतात. मुठीवरून एक हात काढणं फुकट, पण तोच हात परत मुठीवर ठेवायला एक अ‍ॅक्शन जाते. दार उघडायलाही एक जाते, म्हणजे त्या टर्नला वाराला एकच उरते. तिथे दार उघडायचं काम ज्याचा हात आधीच रिकामा आहे त्याला द्या.