‘अराउझल’ला मराठीत काय म्हणावे?

‘नॉरएपिनेफ्रिन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी अराउझलचे नियमन करतात’ या वाक्यात ‘अराउझल’साठी ‘उत्तेजना’ चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. नॉरएपिनेफ्रिन म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारे एक रसायन, आणि अराउझल (arousal) म्हणजे मेंदू किती जागा आणि सावध आहे ती अवस्था.

माझ्या मते नाही. ‘उत्तेजना’ वाचताच मनात कामवासना तरी येते, नाहीतर कुणी कुणाला भडकवल्याचे चित्र. ‘जागृती’ सुचते, पण जनजागृतीच्या मोहिमांनी तो शब्द स्वतःकडे ओढून नेला आहे. मला इथे साधी ‘जाग’ हवी.

या पेशींचा मुख्य पुंजका मेंदूच्या खोडात, लोकस सेरुलियसमध्ये असतो. हे लॅटिन नाव व्हेंझेल या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ बंधूंनी 1812 मध्ये दिले. अर्थ ‘निळी जागा’; न्यूरोमेलॅनिन या रंगद्रव्यामुळे ती निळसर दिसते. तिथे नॉरएपिनेफ्रिनच्या पेशी आहेत हे डालस्ट्रॉम आणि फुक्से या स्वीडिश संशोधकांनी 1964 मध्ये दाखवले. माणसात त्या लाखभरही नसतात, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर आणि खाली मज्जारज्जूपर्यंत पोचतात. आपण जागे असताना त्या सक्रिय असतात, गाढ झोपेत मंदावतात, स्वप्नांच्या झोपेत जवळपास गप्प होतात. अचानक काही खुट्ट झाले की एकदम उसळतात.

आता आपली भाषा पाहा. एखाद्याची झोप ‘सावध’ असते, कुणाला ‘अर्धवट जाग’ येते, पहाटे ‘गावाला जाग येते’. म्हणजे जाग कमीजास्त होते हे मराठीला आधीपासून ठाऊक आहे, आणि अराउझलमध्ये नेमके तेच मोजायचे असते. शिवाय पिकाच्या राखणीला रात्री शेतावर जाणे म्हणजे ‘जागलीला जाणे’, आणि गावाची राखण करणारा तो ‘जागल्या’. नुसते डोळे उघडे असणे नव्हे, चाहूल घेत राहणे! या पेशींच्या कामाचे इतके नेमके वर्णन मला दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. ‘झोप’चे जसे ‘झोपेची’, तसे ‘जाग’चे ‘जागेची’ होते, आणि ‘जागेची पातळी’ वाचणाऱ्याला जमिनीची पातळी वाटेल. त्यात लोकस म्हणजेही जागाच, मग गोंधळ दुप्पट. म्हणून विभक्ती लागेल तिथे ‘जागेपण’ घ्यावे, एरवी ‘जाग’ ठेवून क्रियापदाने काम भागवावे. तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘मेंदूतल्या नॉरएपिनेफ्रिन सोडणाऱ्या पेशी आपली जाग कमीजास्त करतात.’