आफ्रिकेतलं निर्वसाहतीकरण आणि विकास या विषयात इतिहाससंशोधन करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

एम.ए. इतिहास झाल्यावर ‘आफ्रिकेचं स्वातंत्र्य आणि विकास’ यावर पीएचडी करायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. एवढा मोठा विषय घेऊ नका. अख्खा देशही नको. एक योजना किंवा एक संप घ्या. आफ्रिकेचे इतिहासकार फ्रेडरिक कूपर यांचं बघा: आधी झांझिबार आणि केनियाच्या किनाऱ्यावरचे गुलामांचे मळे, मग मोंबासाचे गोदी कामगार, आणि त्यानंतर फ्रेंच व ब्रिटिश आफ्रिकेतल्या कामगारांची तुलना.

माझ्या मते टांगानिकातली (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) भुईमुगाची योजना शिकायला उत्तम. 1947 मध्ये ब्रिटिशांनी सुमारे 32 लाख एकर जमीन लागवडीखाली आणायचं ठरवलं. योजनेचं काम जिथे सुरू झालं त्या कोंग्वात पावसाचा भरवसा नाही, उन्हाने जमीन दगडासारखी घट्ट व्हायची आणि झुडपं उपटता उपटताच जुने ट्रॅक्टर मोडायचे. 1951 मध्ये योजना गुंडाळली तोवर साडेतीन कोटींहून जास्त पौंड बुडाले होते.

कागद लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, वसाहत खात्याच्या ‘सीओ’ मालिकेत मिळतात. फाइलमधलं गुळगुळीत पत्र नंतर वाचा, आधी मिनिट्स, म्हणजे शेऱ्यांची पानं बघा. कनिष्ठ अधिकारी शंका लिहितो, वरिष्ठ त्याखाली दोन ओळींत ती उडवून लावून आद्याक्षरं टाकतो. खरा वाद तिथेच सापडतो. ‘एफसीओ 141’ ही मालिकाही चाळा: केनियातल्या माऊ माऊ या ब्रिटिशविरोधी बंडाच्या काळात छळ झालेल्यांच्या खटल्यामुळे, ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या हॅन्स्लोप पार्क इथे दडवलेला हा साठा 2011 मध्ये उघडकीस आला. त्यामुळे त्याआधीच्या प्रबंधांतलं ‘कागदपत्रं उपलब्ध नाहीत’ हे वाक्य डोळे झाकून उचलू नका.

नुसत्या लंडनच्या कागदांवर लिहिलं तर प्रबंधात फक्त साहेबच बोलतात. दार-एस-सलाम, नैरोबीला जावंच लागतं. टांझानियात कॉस्टेक, केनियात नाकोस्टी ही सरकारी संस्था संशोधन परवाना देते. स्थानिक विद्यापीठाशी संलग्नता आधी मिळवा आणि हातात काही महिने ठेवून अर्ज करा. पर्यटक व्हिसावर जाऊन अभिलेखागाराच्या दारातून परत यायची वेळ आणू नका. स्वाहिली पहिल्याच वर्षी सुरू करा. डकारचा (सेनेगलची राजधानी, पूर्वीची फ्रेंच वसाहत) विषय घेतलात तर फ्रेंच. मुंबई विद्यापीठात आफ्रिकन अभ्यासाचं केंद्र आहे, तिथे आधी बोलून या.

आणि मोबाइलने कागदांचे फोटो काढताना प्रत्येक फाइलचा पहिला फोटो तिच्या क्रमांकाचा असू द्या. क्रमांक हरवला की तळटीप देता येत नाही, आणि कितीही मोलाचा कागद असला तरी प्रबंधातून काढावा लागतो.