लॅपटॉप हॉलमध्येच का राहायला हवा?

प्रश्न: मुलगी इथेच बडोद्यात फाइन आर्ट्सला, अप्लाइड आर्ट्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मकरपुऱ्यातल्या एका छोट्या युनिटची लेबलं, खोके डिझाइन करते, थोडे पैसेही मिळतात. लॅपटॉपला बजेट ७५ हजार. मी १५.६ इंचाचा गेमिंग लॅपटॉप बघून ठेवलाय, हॉलमध्ये टेबलावर सगळ्यांच्या नजरेसमोर राहील. ती म्हणते छोटा, हलका आणि चांगल्या स्क्रीनचा हवा, पण तिला त्यातलं काय कळतं. सोबत बँकेच्या परीक्षेलाही बसवू का? – एक वडील, दांडिया बाजार

नमस्कार भाऊ,

तुमच्या मोठ्या पत्रातून वर थोडंच छापलंय. त्यात प्रोसेसर आला, ग्राफिक कार्ड आलं, एक्स्चेंज ऑफरसुद्धा आली, आणि मुलीचं म्हणणं मात्र एका ओळीत, वर त्याला "तिला काय कळतं" हे शेपूट. अहो, तीन वर्षं रोज रंगात हात घालणाऱ्या मुलीला स्क्रीन कळत नाही आणि तुम्हाला कळते?

मला साइजपेक्षा ते "सगळ्यांच्या नजरेसमोर" जास्त खटकलं. मशीन जड घेतलं की ते हॉलमधून हलणार नाही आणि मग पोरगीही हलणार नाही, असा हिशोब तर नाही ना? असेल तर दुकानात जायच्या आधी तिच्याशी बोला, कारण ही काळजी कुठल्याच लॅपटॉपने मिटत नाही. ती कमावतेय भाऊ. तिला पार्टीला डिझाइन दाखवायला मकरपुऱ्याला जावं लागतं, प्रेसवर उभं राहावं लागतं, फॅकल्टीत दिवसभर बसावं लागतं. गेमिंगवाला सव्वादोन-अडीच किलोचा, त्यात अर्धा किलोचा चार्जर, म्हणजे अॅक्टिव्हावर रोज खांद्याला जवळपास तीन किलो. आठ दिवसांत तो घरीच राहायला लागेल, आणि बहुतेक तुम्हाला तेच हवंय.

आता एक गैरसमज, तो तुमचा एकट्याचा नाही, सगळ्यांचाच आहे. "फुल एचडी आहे म्हणजे स्क्रीन चांगली." फुल एचडी म्हणजे फक्त ठिपके किती ते, १९२० बाय १०८०. रंग किती दिसतात याच्याशी त्याचा संबंध नाही. स्वस्तातल्या पुष्कळ लॅपटॉपवर, गेमिंगवाल्यांवरही, बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी (रंग मोजायचं एक माप) लिहिलेलं असतं, म्हणजे एसआरजीबी या कॉम्प्युटरवरच्या नेहमीच्या रंगसंचातले साधारण दोन-तृतीयांशच रंग दिसणार. लाल विटकरी दिसतो, पोरं तो वाढवत बसतात आणि छापून आलं की डोळ्यात खुपतो. माझ्या पुतण्याचं हेच झालं, मिरची पावडरची हजार लेबलं फुकट गेली, पैसे अर्थात माझ्या खिशातून. तर तिने बघायचं ते १०० टक्के एसआरजीबी, ब्राइटनेस निदान ३००-४०० निट्स, आणि जमल्यास १६:१० ची स्क्रीन, उंचीला थोडी जास्त जागा मिळते. ओएलईडी प्रकारची स्क्रीन दिसते झकास पण बहुतेक चकचकीत असते, ट्यूबलाइटखाली स्वतःचंच तोंड दिसतं.

साइज १३ ते १४ इंच, वजन सव्वा ते दीड किलोच्या आत. रॅम १६ जीबी आत्ताच घ्या, कारण या पातळ मशीनमध्ये ती बऱ्याचदा बोर्डालाच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. टाइप-सीने चार्ज होणारा असला तर उत्तम. लेबलांच्या कामाला भारी ग्राफिक कार्ड लागत नाही, उद्या थ्रीडी किंवा व्हिडिओत शिरली तर तेव्हा बघू. मॅकबुक एअर बसत असेल बजेटमध्ये तर तोही चालेल, १३.६ इंच, १.२४ किलो, ५०० निट्स. आणि तुमचं ते हॉलमधलं टेबल वाया जाणार नाही, पैसे उरले तर तिथे २४ इंची मॉनिटर ठेवा, घरी आली की वायर लावेल, बाहेर जाताना काढेल.

बँकेची परीक्षा तिने विचारलीय का? पुढे डिझाइनच शिकायचं असेल तर त्याच्या प्रवेश परीक्षा आहेत, आयआयटी मुंबई घेते ती सीड, एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट, तिला माहीत असणारच.

रविवारी दोघं मिळून जा. तिला तिचीच एखादी फाइल पेनड्राइव्हवर न्यायला सांगा, सोबत त्याच डिझाइनचं छापील लेबल, आणि प्रत्येक स्क्रीनशेजारी ते धरून बघू दे. दुकानदार घाई करेल, तेवढी त्याला तुम्ही गप्पांत गुंतवा. आणि बिल तिच्या नावावर करा, वॉरंटीसाठी खेपा तिलाच घालायच्यात.