गच्चीवरचा हॉट टब आणि कांदेबागेचे पैसे

प्रश्न थोडक्यात असा. रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकांनी नवा बंगला बांधलाय. यंदा भाव बरा लागला, बचत खात्यात ११ लाख आहेत. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर पाहिला तसा चार जणांचा ॲक्रेलिकचा हॉट टब त्यांना गच्चीवर बसवायचाय. पुण्याच्या विक्रेत्याचं कोटेशन ५ लाख ६० हजारांचं, 'दिवाळीपर्यंतच ऑफर' या शेऱ्यासह. खात्यातल्या रकमेत पतसंस्थेतली ४ लाखांची ठेव मोडून घालावी, की १४ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज काढावं, हे त्यांना विचारायचंय.

भाऊ, हौस करू नका असं मी म्हणणार नाही. दिवसभर बागेत वाकून पाठीचा खुळखुळा झालेल्या माणसाला गरम पाण्यात बसावंसं वाटलं तर त्यात वावगं काय? पण हा टब या दिवाळीत घेऊ नका, आणि गच्चीवर तर कधीच नको.

आधी ते ११ लाख बघू. कांदेबागेला, म्हणजे केळीच्या पावसाळ्यानंतरच्या लागवडीला, सहा हजार खोडं लावणार आणि खोडामागे सव्वाशे रुपये खर्च येतो, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे साडेसात लाख झाले. शिवाय तीन लाखांचं पीककर्ज डोक्यावर आहे. ते भरून नवं उचलाल हे धरलं, तरी तुमच्या हातात खरे मोकळे साडेतीन लाखच. बाकीचे खात्यात दिसतात, पण ते बागेचे आहेत. त्यातच मे-जूनचं वादळ एका संध्याकाळी निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली बाग आडवी करतं, आणि विम्याचे पैसे कधी पडतील हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

पीककर्जाची मुदत मात्र कोणत्याही कारणाने चुकवू नका. वेळेवर भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून तीन लाखांपर्यंतचं कर्ज बिनव्याजी पडतं. असा पैसा हाताशी असताना पाण्यात बसण्यासाठी १४ टक्क्यांनी पैसा उचलायचा? चार लाख, चार वर्षं: हप्ता साधारण १०,९३० आणि व्याज सव्वा लाखाच्या घरात. तुमचं उत्पन्न वर्षातून एक-दोनदा येतं, हप्ता मात्र दर महिन्याला. तेव्हा कर्जाचा विषय इथेच संपला.

आता टबाची खरी किंमत. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' लिहिलेलं आहे, ते तुमच्या नजरेतून सुटलंय. १८ टक्के धरले की ६ लाख ६० हजार. वाहतूक आणि गच्चीवर चढवायला क्रेन यांचे विक्रेत्याने सांगितलेले ४० हजार मिळवा, झाले ७ लाख. आपल्याकडे गरम पाण्याची मजा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४४-४५ अंश असताना त्या पाण्यात कोण उतरणार? उलट झाकण घातलेल्या टबात नुसता पंप चालला तरी पाणी तापत राहतं. आठवड्यातून दोनदा बसलात तरी वर्षाला पस्तीसेक वेळा. टब दहा वर्षं टिकला तर एका बैठकीचे दोन हजार रुपये, वीज आणि दुरुस्ती सोडून.

गच्चीचं तर विचारूच नका. टबात १२०० लिटर पाणी म्हणजे १२०० किलो. रिकामा टब अडीच-तीनशे किलोचा, वर चार माणसं. पावणेदोन टन वजन दोन बाय दोन मीटरच्या जागेत, म्हणजे चौरस मीटरला चारशे किलोंच्या वर. घराची गच्ची साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलोंचा वापरभार (माणसं-सामानाचं वजन) धरून बांधतात. विक्रेता 'काही होत नाही साहेब' म्हणाला असेल, पण स्लॅब त्याच्या घरचा नाही. टब ठेवायचाच तर अंगणात, काँक्रीटच्या ओट्यावर.

विजेचा हिशेब: १२०० लिटर पाणी २० अंशांवरून ३८ वर न्यायला २५ युनिट लागतात. ३ किलोवॉटचा हीटर आठ तासांहून जास्त चालेल. तुमचं बिल आताच २८० युनिटांचं आहे, म्हणजे वरचे युनिट महागड्या टप्प्यात जाणार. सगळे आकार धरून युनिटला १५ रुपये पकडा, तर एकदा पाणी तापवण्याचे पावणेचारशे. झाकण घालून सतत गरम ठेवलं तर हिवाळ्यात रोजचे पाच-सात युनिट. वेगळी लाइन, अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) यांच्याशिवाय हे चालवू नका; ओल्या अंगाने वीज हाताळायचा प्रकार आहे हा. बोअरचं पाणी जड असेल तर हीटरवर क्षारांचा थर बसतो. तो काढायला मेकॅनिक कुठून येणार, किती दिवसांत, किती घेणार, हे लेखी घ्या. तोंडी 'सर्व्हिस आहे' याला अर्थ नाही.

वडिलांना बीपीची गोळी आहे म्हणता, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना उतरवू नका.

मी काय करेन? लाखाच्या आत हवा भरायचा, हीटरसह टब मिळतो. तो अंगणात सपाट फरशीवर मांडून एक हिवाळा वापरा. दिसायला रिसॉर्टसारखा नाही, पाहुण्यांसमोर रुबाब पडणार नाही, पण पाठ तितकीच शेकते. कितीदा बसलात ते कॅलेंडरवर मांडून ठेवा. जानेवारीतही आठवड्यातून दोनदा बसत असाल, तर कांदेबाग विकल्यावर, बागेचा पुढचा खर्च बाजूला काढून, अंगणातल्या ओट्यासाठी नवं कोटेशन मागवा. (अडावदजवळच्या उनपदेवला गोमुखातून गरम पाणी अखंड वाहतंय, तेही आठवतंय ना?)

पतसंस्थेची ठेव मात्र मोडा, टबासाठी नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते लागू नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांच्या पावत्या हातात घेऊन वर्षानुवर्षं फिरणारी माणसं तुम्ही पाहिली आहेतच. मुदतीआधी मोडल्याने थोडं व्याज जाईल, जाऊ द्या. रक्कम बँकेत दोन पावत्यांत ठेवा, एक तुमच्या आणि एक सौभाग्यवतींच्या नावे, म्हणजे वादळवाऱ्यात गरज पडली तर एकच पावती मोडावी लागेल.